आपली कुऱ्हाड, दुसऱ्याची काच

धान कापून झालं, मळणी उरकली, की बालाघाटच्या शाळांमधून सहलीचा कागद घरी येतो. यंदाही आला. रामटेक, कामठीचा ड्रॅगन पॅलेस, दीक्षाभूमी, अजब बंगला, रमण विज्ञान केंद्र, फुटाळा तलाव, आणि वेळ उरल्यास मॉल. पहाटे चारला निघायचं, रात्री बाराला परत. पालक ठिकाणं मोजतात, पैसे वसूल झाल्याची खात्री करून घेतात आणि सही करतात.

मला या कागदाचा राग येतो. का येतो ते सांगतो.

बालाघाटहून नागपूर म्हणजे पन्नास मुलांच्या बसला जाताना चार-पाच तास, येताना तेवढेच. वाटेत कुणाला उलटी होणार, कुणाला लघवीला जायचं असणार. नाश्ता आहे, जेवण आहे, प्रत्येक ठिकाणी चढताना हजेरी आणि उतरताना हजेरी आहे. हे सगळं वजा करून जे उरतं ते सात ठिकाणांना वाटून द्यायचं. एकेकाच्या वाट्याला अर्धा तास येतो. त्यातली दहा मिनिटं रांग लावण्यात जातात, पाच मागे राहिलेल्यांना हाका मारण्यात. म्हणजे मूल जे पाहतं ते पुढच्या मुलाच्या पाठीवरचं दप्तर. आणि याला आपण शैक्षणिक सहल म्हणतो.

अजब बंगल्यात तर हमखास हेच होतं. मुलं आत शिरतात आणि पेंढा भरलेल्या प्राण्यांकडे धावतात. धावोत, मुलंच ती. पण कान्हाचं मुक्की गेट ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या मुलांना पेंढा भरलेला वाघ पाहायला राज्याची हद्द ओलांडून नेण्याची गरज नव्हती. त्यांना तिथं न्यायचं ते दुसऱ्याच वस्तूसाठी. आणि ती वस्तू बघायला सरांकडे वेळ नसतो. ‘चला रे, पटापट चला, पुढे सायन्स सेंटर आहे.’

ती वस्तू कोणती, ते ऐका.

1870 साली आपल्या बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावाजवळ गुरं राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून लोखंडासारखं काहीतरी वर आलेलं दिसलं. त्यांनी ते ओढून काढलं, माती उकरली, तर खाली आणखी निघालं. मग मोठ्यांनी खणलं. बाहेर आली 424 तांब्याची हत्यारं आणि चांदीच्या पातळ पत्र्याच्या 102 वस्तू. नुसत्या तांब्याचं वजन 829 पौंड, म्हणजे आपल्या मापानं पावणेचारशे किलो. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला हा ठेवा. देशात तांब्याचे असे ठेवे अनेक ठिकाणी मिळाले, जास्त करून गंगा-यमुनेच्या दुआबात. त्या सगळ्यांत मोठा आपला. इतिहासाच्या मोठमोठ्या ग्रंथांत ताम्रनिधींचं प्रकरण काढा, गुंगेरिया हे नाव तिथं असणारच. बालाघाटमधल्या दहावीच्या वर्गात हे नाव घेऊन बघा आणि किती हात वर होतात ते मोजा.

त्या हत्यारांत कुऱ्हाडी आहेत. चपट्या, दांड्याच्या बाजूला अरुंद आणि धारेकडे पसरत गेलेल्या. लाकडात बसवायला भोक नाही, त्यामुळे बांधून वापरत असावेत हे बघताक्षणीच लक्षात येतं. काही लांबोळक्या, पहारीसारख्या, टोकाला छिन्नीची धार असलेल्या आहेत. चांदीच्या वस्तूंत गोल चकत्या आहेत आणि बैलाच्या डोक्याच्या आकाराचे पत्रे आहेत, वळलेल्या शिंगांसकट. पोळ्याला ज्या जिल्ह्यात बैल सजतात त्या जिल्ह्याच्या मातीतून चांदीचं बैलाचं डोकं निघालंय, आणि ते आपल्या मुलांना दाखवावं असं कुणाला वाटत नाही!

हा ठेवा नंतर वाटला गेला. काही भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचला, काही इतरत्र. आणि एक भाग नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात. हे संग्रहालय 1863 सालचं, सर रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते तेव्हाचं. गुंगेरियाचा ठेवा सापडला तेव्हा ते जेमतेम सात वर्षांचं होतं. बालाघाट जिल्हाही नवाच होता, 1867 साली मंडला, शिवनी आणि भंडाऱ्याचे तुकडे जोडून बनवलेला. तेव्हा नागपूर आपली राजधानी होती, त्यामुळे आपल्या जिल्ह्यातली वस्तू नागपूरला गेली यात काही वावगं नव्हतं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर-भंडारा तिकडे गेले, बालाघाट इकडे मध्य प्रदेशात राहिला. माणसांचं येणं-जाणं, लग्नसंबंध, दवाखाना, बाजार सगळं चालूच राहिलं. फक्त अजब बंगला मात्र दुसऱ्या राज्याचा झाला आणि तिथं आपलं काही आहे ही आठवण पुसली गेली. सीमा सरकारनं आखली, विसरलो आपण.

म्हणून म्हणतो, सात ठिकाणांच्या कागदावरची सहा खोडा. अजब बंगला ठेवा. तीन तास ठेवा. आधी संग्रहालयात फोन करून गुंगेरियाच्या वस्तू कुठल्या दालनात आहेत ते विचारा, गट येणार आहे हे सांगा. आदल्या आठवड्यात वर्गात त्या दोन गुराखी पोरांची गोष्ट सांगा. नाव-गाव काहीच हाती नाही अशी ती दोन पोरं, आणि त्यांनी शोधलेली वस्तू जगाच्या संग्रहालयांत जाऊन बसली. ही गोष्ट ऐकलेलं मूल त्या काचेसमोर आलं की त्याला ओढून पुढे न्यावं लागेल. मग त्याच्या हातात कोरा कागद द्या आणि कुऱ्हाड काढायला सांगा. चित्र वेडंवाकडं येऊ दे. जी वस्तू मुलानं एकदा रेघेनं काढली ती त्यानं पाहिलेली असते. जिचा फोटो काढला ती फोनमध्ये राहते.

आणि मग प्रश्न येतील. एवढं तांबं आणलं कुठून? बालाघाटचं मूल हा प्रश्न विचारणारच, कारण मलाजखंड त्याला ठाऊक आहे. हिंदुस्तान कॉपरची ती प्रचंड उघडी खाण, 1982 साली सुरू झालेली, आपल्याच जिल्ह्यात आहे. कुणाचा मामा तिथं आहे, कुणाचे वडील भरवेलीच्या मँगनीज खाणीत आहेत. धातू जमिनीतून कसा निघतो हे या मुलांनी जेवताना ऐकलेलं असतं. दिल्ली-मुंबईच्या मुलाला तांब्याची कुऱ्हाड ही काचेतली वस्तू. आपल्या मुलाला ती घरच्या धंद्याची वस्तू. असा वर्ग घेऊन संग्रहालयात जायला मिळणं हे शिक्षकाचं भाग्य आहे, आणि ते आपण फुटाळा तलावासाठी घालवतो.

आता शिक्षकांची बाजू. ती न मांडणं अन्याय होईल. पन्नास मुलं आणि दोन-तीन शिक्षक. एखादं पोर पाच मिनिटं दिसेनासं झालं की छातीत धस्स होतं. काही कमीजास्त झालं तर पालक, बातमीदार, अधिकारी सगळे त्या एका सरांच्या किंवा मॅडमच्या अंगावर येतात. बसवाला आपल्या सोयीनं वेळ ठरवतो. दुसऱ्या शाळेनं सहा ठिकाणं दाखवली तर आपण सात दाखवायची, हा दबाव व्यवस्थापनाचा. मुलींसाठी स्वच्छ संडास कुठल्या ठिकाणी आहे ही माहिती सहलीच्या कागदावर कधीच नसते. ती मॅडमच्या डोक्यात असते आणि दिवसभर तेवढाच घोर असतो. अशा माणसाला ‘तुम्ही गुंगेरिया का शिकवला नाहीत’ म्हणून धारेवर धरणं सोपं आहे. मी धरत नाही. मी धरतो ते पालकांना. ठिकाणं मोजून सही करणारे आपण. एकाच ठिकाणाचा कागद आला असता तर ‘एवढ्यासाठी एवढे पैसे?’ असं विचारणारेही आपणच.

मोठ्यांच्या सहली याहून बऱ्या नाहीत. महिला मंडळ, ज्येष्ठांचा गट, मोहल्ल्याची बस. देऊळ, जेवण, साडीचं दुकान, परत. रामटेकला जाऊन गडावर रामाचं दर्शन घेतलं, खाली उतरताना केवल नरसिंहाच्या देवळात हात जोडले आणि बस गाठली. त्या देवळाच्या भिंतीत एक लेख कोरलेला आहे. तो वाकाटक या जुन्या राजघराण्याशी जोडलेला आहे, प्रभावतीगुप्तेच्या घराण्याशी. प्रभावतीगुप्ता म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, नवरा अकाली गेल्यावर लहान मुलांच्या नावानं राज्य चालवणारी बाई. आपल्या महिला मंडळाच्या बसमध्ये नवऱ्यामागे घर, शेती, दुकान एकटीनं सांभाळलेल्या किती बाया असतात! त्यांना त्या भिंतीसमोर दहा मिनिटं उभं करून ही कथा सांगायला हवी. त्या ऐकतील, आणि घरी येऊन सांगतीलही. पण सांगणारं कोणी बसमध्ये असलं तर ना. ड्रायव्हर ठरतो, स्वयंपाकी ठरतो, सांगणारा माणूस ठरवायचा कुणाच्या ध्यानात येत नाही.

वाकाटकांचं नाव काढलंच आहे तर आपल्या जिल्ह्याचं आणखी एक देणं सांगतो. 1893 च्या सुमारास बालाघाटच्या जंगलात एका झाडाला टांगलेले ताम्रपट सापडले. झाडाला टांगलेले! कुणी टांगले, कधीपासून होते, देव म्हणून पूजत होते का, हे त्या झाडालाच ठाऊक. ते निघाले वाकाटक राजा दुसऱ्या पृथ्वीषेणाचे. लेख अर्धवट आहे. घराण्याची वंशावळ कोरली आणि दान कुणाला दिलं ते कोरायचं राहूनच गेलं. पण त्या अर्धवट लेखानं इतिहासाला मोठं काम दिलं. पृथ्वीषेणाच्या बापाची, नरेंद्रसेनाची आज्ञा कोसल, मेकल आणि माळव्याचे राजे मानत असत, असं त्यात आहे. त्याची राणी कुंतलाची राजकन्या होती, हेही. आणि बुडत चाललेलं घराणं आपण वर काढलं, हा पृथ्वीषेणाचा दावाही. वाकाटकांच्या नंदिवर्धन शाखेची अखेर समजून घ्यायची तर इतिहासकाराला ‘बालाघाट ताम्रपट’ उघडावाच लागतो. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या लेखांचा जो ग्रंथ 1963 साली काढला त्यातही तो आहे. कटंगीकडच्या तिरोडीला दुसऱ्या प्रवरसेनाचे ताम्रपट मिळाले, तेही आहेत. आज बालाघाटचे पत्रे कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. देशभरचे अभ्यासक ‘बालाघाट’ म्हटलं की हे पत्रे समजतात, आणि आपण बालाघाट म्हटलं की मँगनीज सांगून थांबतो.

त्यामुळे सहल बाहेर जाण्याआधी एकदा जिल्ह्यात फिरू द्या. हट्ट्याची बावडी शहरापासून लांब नाही. गोंड राजवटीच्या काळातली दगडी बावडी. वरून पाहिलं तर नुसता चौकोन, पण पायऱ्या उतरायला लागलं की खाली खांबांचे मजले उघडत जातात, ऊन मागे राहतं आणि अंगाला गारवा लागतो. पाणी कसं साठवायचं, उन्हाळ्यात माणसांनी आणि प्रवाशांनी कुठं टेकायचं, याचा विचार करून बांधलेली ही जागा आहे. भूगोलाचा तास, गणिताचा तास, इतिहासाचा तास, सगळं एका बावडीत होतं. पायऱ्या मोजा, खोली काढा, दगड कुठून आणला असेल ते विचारा. मात्र काठाशी शिक्षक उभे हवेत आणि मुलं दहा-दहाच्या टोळीनं उतरायला हवीत. पन्नास एकदम नाही. बाकीच्यांनी तेवढ्या वेळात वर बसून चित्र काढावं.

दुसऱ्या वर्षी लांजी. किल्ल्याची तटबंदी, खंदक, लांजकाईचं ठाणं, कोटेश्वराचं जुनं देऊळ. लांजीच्या बाजारात मराठी, पोवारी, हिंदी, छत्तीसगढी सगळं एका दमात ऐकू येतं. एका बाजूला गोंदियाची हद्द, दुसऱ्या बाजूला छत्तीसगढ. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला मुलांसमोर बसवा आणि किल्ल्याच्या कथा सांगायला लावा. कथा म्हणून ऐका, नंतर शाळेत येऊन कुठली गोष्ट दगडात दिसते आणि कुठली नुसती तोंडी आहे ते वेगळं करा. इतिहास शिकवायचा म्हणजे याहून वेगळं काय शिकवायचं असतं?

आणि तिसऱ्या वर्षी वैनगंगेच्या काठानं खाली पवनीला जा. आपल्या घाटावरून जाणारं पाणीच पुढे पवनीच्या वेशीला लागतं. पवनीत 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं आणि मोठा बौद्ध स्तूप उघडकीला आला, कोरीव खांबांच्या तुकड्यांसकट. गावाला अजूनही जुन्या कोटाचा दरवाजा आहे. बालाघाटच्या घाटावर मुलांना पाणी दाखवून सकाळी निघायचं आणि दुपारी पवनीला तीच नदी दाखवायची. आपण नदीच्या काठचे लोक आहोत, नदीच्या काठानं शहरं आणि स्तूप उभे राहिले, हे पुस्तकात वाचून कळत नाही, नदी दोनदा पाहून कळतं.

रेल्वेचंही तसंच. गोंदिया-जबलपूरची छोटी लाइन आपल्या आजोबा-आजीच्या आयुष्याचा भाग होती. आजच्या पाचवीच्या मुलानं ती धावताना पाहिलेली नाही. नैनपूरला आणि नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजची संग्रहालयं आहेत. तिथं मुलांबरोबर आजोबांनाच न्या. मार्गदर्शक लागणार नाही.

प्रशासनाकडेही एक मागणी आहे आणि ती खर्चिक नाही. बालाघाट शहरात पुरातत्त्व संग्रहालय आहे. तिथं गुंगेरियाच्या कुऱ्हाडीची आणि चांदीच्या बैलाच्या डोक्याची हुबेहूब प्रतिकृती मुलांना हातात घेता येईल अशी ठेवा. अस्सल वस्तू कुठं कुठं आहेत त्याचा नकाशा बाजूला लावा. झाडाला टांगलेल्या ताम्रपटांचं मोठं छायाचित्र लावा, खाली मराठी आणि हिंदीत वाचन द्या. गुंगेरिया गावात एक दगड उभा करा आणि त्यावर लिहा की इथं दोन गुराख्यांना काय सापडलं. तांब्याच्या आणि मँगनीजच्या कंपन्या याच जमिनीवर मोठ्या झाल्या. मँगनीज काढणारी मॉइल 1962 पासून आहे, तिच्या आधीची कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून इथं खणत होती. एका प्रतिकृतीचा आणि दरसाल काही शाळांच्या बसभाड्याचा भार या कंपन्यांना जड नाही. गावच्या सरपंचानं, शाळा समितीनं एक अर्ज तर करावा.

लंडनमधलं मूल फुकट ब्रिटिश म्युझियमच्या दारातून आत जाऊ शकतं, आणि त्या इमारतीत बालाघाटच्या मातीतून निघालेलं तांबं जपून ठेवलेलं आहे. आपल्या मुलाला नागपूरपर्यंत नेऊन, तिकीट काढून, दारातून आत नेऊन, आपणच त्याच्या पाठीवर हात ठेवून ‘चल, उशीर होतोय’ म्हणतो. याचा मला राग येतो, आणि तो राग येणं बरोबर आहे असं मला वाटतं.

काही शाळांचे सहलीचे कागद अजून छापून व्हायचे आहेत. ज्या शाळांनी छापले असतील त्यांनी पुन्हा छापावेत, कागद महाग नाही. सहा नावं खोडा, जिल्ह्यातलं एक वाढवा. बसमध्ये पाणी, उलटीच्या पिशव्या, कोरे कागद आणि पेन्सिली घ्या. सांगणारा माणूस आधी ठरवा, ड्रायव्हर नंतर. आणि अजब बंगला धरणार असाल तर सोमवार धरू नका, त्या दिवशी तो बंद असतो.